सांजचं विमान

विमान धावपट्टीला लागायच्या आधीच जो माणूस मान टाकून झोपतो, त्याचा मला फार राग येतो. राग कसला, हेवाच तो. इतकी वर्षं विमानानं फिरते आहे, हवाई सुंदरीच्या सूचना मला तोंडपाठ आहेत, पट्ट्याचं बक्कल मी बोलता बोलता लावते, पण विमानात माझा डोळ्याला डोळा म्हणून लागत नाही. शेजारचा तोंड उघडं टाकून घोरत असतो आणि मी त्याच्याकडे बघत जळत बसते.

त्यात त्याची जागा खिडकीची असेल आणि त्यानं खिडकीचं शटर खाली ओढलेलं असेल, तर विचारूच नका. खिडकी घ्यायची आणि शटर ओढायचं, म्हणजे पुरणपोळीचं ताट पुढ्यात ओढून घेऊन आज माझा उपास आहे म्हणायचं. मग दे की बाबा दुसऱ्याला. माझी आई म्हणायची, ह्या पोरीला लहानपणापासून शेजारच्या पानातला लाडू मोठा दिसतो. माधवनगरच्या आमच्या चाळीत ते सगळ्यांना माहीत होतं. विमानात मला कुणी ओळखत नाही, एवढंच.

माझं काम साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत. उसाच्या रसात साखर किती आहे ते मोजणारी यंत्रं आमची कंपनी विकते. ती बसवायची, रुसली की दुरुस्त करायची, तिथल्या केमिस्टांना शिकवायची, हे माझ्याकडे. सासर इस्लामपूरजवळच्या गावात, घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. पण घरचा ऊस सोडून मी उत्तर प्रदेशातला, बिहारातला, तमिळनाडूतला ऊस बघत हिंडते. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. म्हणजे घरात चकलीचा पहिला घाणा पडला की मी बॅग भरायला घ्यायची. कोल्हापूरला सकाळचं विमान धरायचं, मुंबईला उतरायचं, पुढचं विमान धरायचं आणि संध्याकाळी कुठल्या तरी कारखान्याच्या गेस्ट हाउसवर जाऊन तोंड धुवायचं. गावातल्या बायकांना वाटतं, काय मजा आहे हिची, सारखं आपलं विमान. दुरून डोंगर साजरे.

मजा अगदीच नाही असं नाही. एकदा कोल्हापूरच्या विमानात एका आजोबांनी गुळाची ढेप फडक्यात बांधून वरच्या कप्प्यात ठेवली होती. मुंबई यायच्या सुमाराला कप्प्याच्या कडेनं मुंग्यांची रांग निघाली. हवाई सुंदरी त्या रांगेकडे बघत राहिली आणि आजोबा तिला सांगत होते, चावत नाहीत, गुळाच्या मुंग्या आहेत. मला त्या मुंग्यांचाही हेवा वाटला. ना सामान, ना तपासणी, आणि घरचा खाऊ बरोबर.

चाकं टेकली रे टेकली की सगळे उठून उभे राहतात, तेही मला आवडतं. दार उघडायला अजून वेळ असतो, वर कप्पा असल्यानं मान सरळ करता येत नाही, तरी चांगली शिकलीसवरलेली माणसं वाकड्या मानेनं एकमेकांच्या पाठीला नाक लावून उभी राहतात. मी बसून राहते आणि मनात हसते. मग सामानाच्या पट्ट्यावर त्यांच्या बॅगा आधी येतात आणि माझी सगळ्यात शेवटी, तेव्हा माझं हसू जातं.

हेवा करायला विमानतळासारखी जागा नाही. खांद्याला एक पिशवी लावून तरातरा जाणाऱ्यांचा हेवा. विमानाला उशीर आहे असं कळल्याबरोबर ज्यांना खुर्चीत पुस्तक उघडून हरवून जाता येतं, त्यांचा हेवा. आणि सगळ्यात जास्त, बाहेर पडताना कठड्यापलीकडे ज्यांच्यासाठी कुणीतरी उभं असतं, त्यांचा. एखादी पोर धावत येऊन आईच्या कमरेला मिठी मारते आणि मी बॅगेच्या चाकात काही अडकलंय का ते बघण्याच्या निमित्तानं खाली वाकते. माझ्यासाठी उभा असतो तो कारखान्याचा ड्रायव्हर. त्याच्या हातात कंपनीच्या नावाचा कागद असतो, तोही बऱ्याचदा उलटा धरलेला.

तपासणीच्या रांगेत मात्र माझा हेवा कुणी करणार नाही. त्याला कारण खोबऱ्याची वाटी.

घरातली बाई लांबच्या प्रवासाला निघाली की तिची ओटी भरायची, ही आमच्या सासरची रीत. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि सुक्या खोबऱ्याची वाटी. सासूबाई गेल्यापासून ओटी भरते ती माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. आता सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून विमानात ते नेऊ देत नाहीत. हे मी अक्कांना कितीदा तरी सांगितलं. त्या मान डोलावतात, व्हय व्हय म्हणतात, आणि साडीच्या घडीत, चपलेच्या पिशवीत, एकदा तर लोकरीच्या मोज्यात वाटी सरकवून देतात. मशीनच्या पडद्यावर ती दिसली की पट्टा थांबतो. मग सगळ्यांच्या देखत माझी बॅग उघडायची, कपडे बाहेर काढायचे आणि तपासणीवाल्यानं ती वाटी वर धरून विचारायचं, मॅडम, ये क्या है. मागं रांग तुंबलेली. एकदा मी इतकी चिडले की तिथंच उभ्यानं ती वाटी कडाकडा चावून खाऊन टाकली. पोटात गेल्यावर तिला कुणी अडवलं नाही.

पण अक्कांवरचा माझा राग खोबऱ्यापुरता असता तर बरं होतं. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि तो माझ्या लेकीवरून वाटतो.

नवरा सैन्यात, मी उसामागं, आणि पोर अक्कांपाशी. अक्कांचे दोन्ही मुलगे पुण्याला नोकरीला लागले, थोरले दीर दिवसभर रानात, तेव्हा घरात ह्या दोघीच. पोर त्यांना मोठी आई म्हणते. ह्या शब्दानंच मला निम्मं जाळलंय. त्या मोठ्या, मग मी कोण? ताप आला की मोठी आई हवी. वेणी मोठ्या आईनंच घालायची. परीक्षेला निघताना हातावर दही मोठ्या आईचं. मी लखनौहून फोन करून विचारावं, आज काय केलंस गं, तर म्हणणार, काही नाही. आणि तेवढ्यात मागून अक्का काहीतरी पुटपुटल्या की दोघी खदाखदा हसणार. काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं, काही नाही, आमचं आपलं. आमचं आपलं म्हणजे त्यात मी नाही. कळा मी सोसल्या, आणि अक्का आपल्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढतायत, असं कितीदा तरी मनात आलं. तोंडावर कधी बोलले नाही. बोलायला त्यांनी जागाच ठेवलेली नाही, मी घरी आले की तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडते. ह्याचाही मला राग येतो.

एक गोष्ट मात्र मी माझ्यासाठी राखून ठेवली होती. पोरीचा पहिला विमानप्रवास.

अक्का कधी विमानात बसलेल्या नव्हत्या. फलटणकडचं माहेर आणि हे सासर, मध्ये एसटी, एवढाच त्यांचा प्रवास. विमान हा माझा प्रांत. सतत जाणाऱ्यांना विमानवाले पॉइंट देतात, ते मी कित्येक हंगाम न वापरता साठवले होते. मनात सगळं ठरलेलं होतं. पोर खिडकीत, मी तिच्या शेजारी. पट्टा मी लावणार. कानात दडे बसले की लिमलेटची गोळी मी देणार. विमान उचलताना तिच्या पोटात गोळा येईल आणि ती कुणाचा तरी हात धरेल, तो माझा असणार. रोज झोपताना काही जण देवाचं नाव घेतात, मी हे घ्यायचे.

पोरीची नववीची परीक्षा झाली आणि त्याच सुमाराला नवऱ्याला दिल्लीजवळच्या छावणीत घर मिळालं. मी म्हटलं, चल, बाबांकडे विमानानं जाऊ. पोर टुणकन उडाली आणि पुढच्याच दमात म्हणाली, मोठ्या आईला खिडकी द्यायची. मोठी आई येणार का, हे विचारायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही.

अक्का स्वतः नको म्हणत होत्या. मी हितंच बरी हाय, म्हणाल्या. मी तेवढ्यावर सोडून द्यायला एका पायावर तयार होते. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं आणि मला तिसरं तिकीट काढावं लागलं. पॉइंटांवर सकाळच्या विमानात जागा नव्हत्या, संध्याकाळच्या होत्या. हे सांगितलं तर पोरीनं डोळे मोठे करून विचारलं, सांजचं? खरंच सांजचं? आणि अक्कांकडे बघितलं. अक्काही पदर तोंडाला लावून हसल्या. कशाला हसल्या ते मला कुणी सांगितलं नाही. आमचं आपलं.

निघायच्या दिवशी मी अक्कांना दारात शपथ घातली की पिशवीत खोबरं घालायचं नाही. त्यांनी पिशवी उलटी करून दाखवली. विमानतळावर ती पिशवी मशीनमधून सुळकन बाहेर पडली. पट्टा थांबला तो माझ्या बॅगेपाशी. दाढीच्या, म्हणजे नवऱ्यासाठी घेतलेल्या दाढीच्या सामानाच्या डब्यात, दोन वाट्या.

मी अक्कांकडे बघितलं. त्या शांत होत्या.

"माझ्या पिशवीत नगं म्हनलीस, न्हाई घातलं," अक्का म्हणाल्या. "तुझी वटी कशी गं मोकळी सोडू?"

तपासणीवाला आमच्याकडचाच निघाला. त्यानं वाट्या बाजूला ठेवल्या आणि अक्कांना समजावून सांगितलं, मावशी, हे चालत नाही, पुढच्या वेळी नारळाची वडी करून द्या. इतक्या वर्षांत त्या मशीनपाशी मला कुणी चांगल्या शब्दात बोललं नव्हतं. ह्यांना पहिल्याच खेपेला मावशी.

विमान लहान होतं, दोन्ही बाजूंना दोन दोन खुर्च्या. मी जागा घेताना हुशारी केली होती. मी आणि पोर शेजारी, अक्का मधल्या वाटेपलीकडे. अक्का दारात थबकल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि मग आत आल्या. हवाई सुंदरी त्यांच्याकडे बघून खरोखरीचं हसली. आमच्याकडे बघून हसतात ते हसू कुठलं आणि हे कुठलं, ते मला चांगलं कळतं. आम्ही ओळीपाशी आलो आणि पोर म्हणाली, "आई, तू तिकडं बस ना. तुझं काय, तू सारखीच बसतेस."

मी पलीकडे बसले. खिडकीत अक्का, त्यांच्या शेजारी पोर, मग चालायची वाट आणि वाटेच्या ह्या बाजूला मी. अक्कांचा पट्टा हवाई सुंदरीनं लावला. पोरीनं स्वतःचा स्वतः लावला, शाळेच्या बसमध्ये असतो म्हणे. माझ्या मुठीत गोळी होती. विमान जोरात पळायला लागलं, नाक वर झालं, आणि पोरीनं डोळे मिटून हात धरला. अक्कांचा. मी गोळीचा कागद सोडवला आणि माझ्याच तोंडात टाकली. आंबट होती.

थोड्या वेळानं पोर खिडकीकडे झेपावली. मोठी आई, कारखान्याची चिमणी बघ, म्हणजे आपलं घर तिकडं. एका खिडकीत दोघींची डोकी. आणि मग दोघींनी खाली हात केला. साधासुधा नाही, यष्टीच्या मागं पळणाऱ्या पोरांसारखा, पार खांद्यापासून.

कुणाला हात करताय, असं मी विचारलं. थोडं खेकसलेच असेन. पोर माझ्याकडे वळली. अक्कांचं नाक अजून काचेलाच होतं आणि पंख्यांची घरघर चालू होती, तरी तिनं आवाज खाली आणला. सांगायला लागली, मी लहान असताना तू गेलीस की मी फार रडायचे. मग संध्याकाळी मोठी आई मला कडेवर घेऊन गच्चीवर जायची, वाळलेले कपडे काढायला. हे विमान वरून जायचं. ती म्हणायची, ती बघ तुझी आई चालली, हात कर. मग आम्ही हात करायचो. तू दिसेनाशी झालीस की खाली यायचो. अजून करतो. तू गावाला गेलीस की रोज.

मग माझ्या कानाशी आली.

"मला आता कळतंय गं, तुझं विमान सकाळचं असतं ते. पण मोठ्या आईला नको सांगूस. तिला अजून वाटतं तू ह्यातच असतेस."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते.

मुंबईला पुढच्या विमानाला वेळ होता. पोर पाण्याची बाटली भरायला गेली. अक्का चपला काढून खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या, आपल्या घरच्या कट्ट्यावर बसाव्यात तशा. माझ्यानं राहवलं नाही. पोरीला नुकतीच मान हलवली होती, तरी नाही राहवलं. आतून कुणीतरी ढोसत होतं, की ह्या बाईच्या हातातलं एवढं तरी काढून घे. मी म्हटलं, अक्का, त्या सांजच्या विमानात मी कधीच नव्हते. माझं सकाळचं असतं.

"ठावं हाय की," अक्का म्हणाल्या. "सकाळी डबा कोन भरून देतं तुला? पन सकाळी लेकरू शाळंत असायचं. मग सांजचं धरलं."

पोर बाटली भरून येताना दिसत होती. अक्कांनी घाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला सांगू नगंस बरं का. तिला अजून वाटतंय तू त्यातच असतीस."

दोघींनी एकच गोष्ट मला सांगितली आणि दोघींनी ती दुसरीपासून लपवायला सांगितली. कुणी म्हणेल, आता तरी हिची जळजळ थांबली असेल. दिल्लीचं विमान धरलं तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी माझ्या खुर्चीत बसून हिशेब करत राहिले. मी लखनौला रसाच्या नळ्या धूत होते, कोइमतूरला गेस्ट हाउसच्या बाथरूममध्ये बादली शोधत होते, तेव्हा इकडं गच्चीवर रोज मला कुणीतरी निरोप देत होतं. कठड्यापलीकडे कुणी उभं नसतं म्हणून मी खाली वाकायचे, आणि इथं दोन माणसं उभी होती, फक्त त्यांचा हात दुसऱ्याच विमानाला जात होता. त्या विमानातल्या माणसांचा मला असा हेवा वाटला, की तसा अक्कांचाही कधी वाटला नव्हता. ह्या लोकांनी ते मुकाट्यानं घेतलं. घेतलं तरी कुठं? त्यांना कळलंही नाही. माझ्या पोरीचे ते सगळे हात घोरणाऱ्या माणसांवर वाया गेले.

ह्या हंगामाच्या पहिल्या खेपेला मी सांजचं तिकीट काढलं. घरी सांगितलं नाही. नेहमीसारखी सकाळीच निघाले. अक्कांनी ओटी भरली, पोर पाठीला दप्तर लावून शाळेला गेली. मग कोल्हापूरच्या विमानतळावर दिवसभर बसून राहिले. ज्या खुर्च्यांना मी आजवर शिव्या घातल्या, त्यांच्यावर आपणहून. कपात गरम पाणी ओतून करतात तो उपमा खाल्ला. तपासणीत खोबरं निघालं, ह्या खेपेला चार्जरच्या पिशवीत. मी हूं की चूं केलं नाही.

खिडकीची जागा मिळाली नाही. खिडकीत एक सुटातला गृहस्थ होता. विमान हललं तसं त्यानं शटर ओढलं आणि मान टाकली.

मी बसल्या बसल्या अंदाज घेत होते. विमान वर चढलं, थोडं वळलं. आता वारणा गेली असेल. आता चिमणी. मग मी त्या गृहस्थाच्या अंगावरून सरळ वाकले, शटर वर केलं आणि काचेला हात लावून हलवायला लागले. खाली ऊस, उन्हं तिरपी पडलेली, घरं काड्यापेट्यांएवढी. गच्ची काही दिसली नाही. मी खांद्यापासून हात करत राहिले.

गृहस्थ दचकून जागा झाला. काय झालं म्हणून हिंदीत विचारायला लागला. मी म्हटलं, खाली माझं घर आहे, घरची माणसं हात करतायत. त्यानं डोळे चोळले, काचेतून खाली बघितलं. चांगला माणूस होता बिचारा. हसला, आणि माझ्या हाताशेजारी आपलाही हात वर करून खाली हलवायला लागला.

आणि खरं सांगते, तेवढ्यानंही माझ्या पोटात दुखलं.